अंगठ्याखालची करकर

अमरावती, आरतीच्या घरून

प्रिय गयास,

माझं पत्र पाहून आधी तुला हसू येईल आणि मग धडकी भरेल, की सूर्या गेला की काय! गेलो नाही. लेकीच्या घरी पलंगावर पडलो आहे, उजवा पाय दोन उशांवर. तुला तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा तू अकोल्याच्या उन्हाचं आणि तुझ्या मेहुण्याच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांचं असं काही सांगितलंस, की मी पोट धरून हसलो आणि बोलायचं ते राहूनच गेलं. म्हणून आरतीची वही मागून घेतली.

झालं असं. वीस दिवसांपूर्वी मोटारसायकलनं अमरावतीला येत होतो. नांदगाव सोडून चार किलोमीटर आलो नाही, तर गव्हातून घोड्याएवढा एक रोही सरळ डांबरावर! मी ब्रेक दाबला, गाडी एकीकडे, मी एकीकडे. रोही थांबला, हा माणूस कावून पडला? म्हणून माझ्याकडे पाहत राहिला, आणि निघून गेला. मग लोक जमले. आपले लोक तुला ठाऊकच आहेत. एकानं पाण्याची बाटली तोंडाला लावली, दुसरा हेल्मेट ओढायला लागला, तिसरा काखेत हात घालून म्हणून राहिला, उठा काका, चालून पाहा, रक्त नाही, मुका मार हाये. मीही तेच म्हणत होतो. सतरा गावचे लचकलेले पाय चोळणारा माणूस मी, मला कोण शिकवणार? मोहाचं तेल आणा म्हणून वर ओरडत होतो.

तेवढ्यात स्कूटीवरून एक पोरगी उतरली. माया नावाची, नर्सिंगला शिकणारी. अंगानं काडी, पण आवाज हवालदाराचा. तिनं सगळ्यांना मागं सारलं. पाणी द्यायचं नाही, हेल्मेट काढायचं नाही, उठवायचं तर नाहीच. १०८ला फोन लावला. मान दुखते का विचारलं, पायाची बोटं हलवायला लावली. शेताच्या धुऱ्यावरच्या वाळल्या तुराट्या आणल्या, माझ्याच गळ्यातल्या दुपट्ट्याच्या चिंध्या केल्या आणि पाय होता तसाच बांधून टाकला, मांडीपासून घोट्याच्या खालपर्यंत. मी चोळायला हात पुढे केला तर म्हणते, काका, चोळाल तर आधी तुमचे हात बांधीन. असा संताप आला मला! दुपट्टा नवा होता.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. काही दिसलं की हे कसं, ते कावून, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. दवाखान्यात मी सगळ्यांना पिडलं. एक्स-रेवाल्याला विचारलं, फोटोत मांस कावून दिसत नाही? हाडाच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दाखवला. नडगी मधोमध तुटलेली, पण दोन्ही तुकडे समोरासमोर. ज्यानं बांधलं त्यानं पाय वाचवला, म्हणाले. मी विचारलं, आणि चोळलं असतं तर? तुकडे सरकले असते, आतली नस फाटली असती, नाहीतर हाड वाकडं जुळलं असतं. मग मुका मार आहे की हाड मोडलं, हे हातानं ओळखू येतं का? नेहमी नाही, म्हणाले, म्हणून तर फोटो काढायचा. पण हाताखाली करकर लागली तर समजायचं आणि हात काढून घ्यायचा. गयास, त्यानंतर मी त्यांना काहीच विचारलं नाही. आरतीला वाटलं, बाबांना ताप आला.

मोझरीच्या महाराजांच्या पुण्यतिथीहून आपण परत येत होतो, तो दिवस तुला आठवतच असेल. एकोणीस वर्षं झाली. वळणावरच्या रेतीवर तुझी फटफटी घसरली, मला नुसतं खरचटलं आणि तुझा डावा पाय गाडीखाली आला. घरी आणल्यावर रजियाभाभी म्हणत होत्या, अमरावतीला नेऊ, फोटो काढू. मी त्यांना हसलो. मी असताना दवाखाना कशाले, भाभी? ओसरीवर अर्धं गाव जमलं होतं. मी बाह्या वर केल्या, तेल कोमट केलं आणि बसलो. तीन दिवस चोळलं. पाय वाकडा जुळला. पायडल मारता येईना, म्हणून तू शिलाईचं मशीन विकलंस आणि अकोल्याला मेहुण्याच्या दुकानात जाऊन बसलास. तुझ्यासारखा सदरा अख्ख्या तालुक्यात कोणी शिवत नव्हतं. लोक म्हणाले, नशीब. तूही म्हणालास. मी मान हलवली.

आता ऐक. पहिल्याच दिवशी, पहिल्याच हाताला, माझ्या अंगठ्याखाली करकर लागली होती. रेतीसारखी. मले समजलं होतं रे. हाड मोडलं, हे मले तवाच समजलं होतं. पण अर्धं गाव पाहून राहिलं होतं, हाडं बसवणाऱ्या बापाचं नाव होतं, अन् भाभीले मी आत्ताच हसलो होतो. मी म्हणलं, मुका मार हाये. तुह्या पायाचं वाटोळं नशिबानं नाही केलं, मी केलं.

आठ दिवसांनी हिंमत करून डॉक्टरांना तुझ्या पायाचं विचारलं. वाकडं जुळलेलं हाड कधीकधी सरळ करता येतं म्हणतात, पण पाय पाहिल्याशिवाय काही कबूल करत नाहीत. ते सोमवारी बसतात. भाभींना घेऊन ये. हे पत्र आधी त्यांना वाचून दाखव, मग काय शिव्या द्यायच्या त्या दोघं मिळून द्या, मी पडलेलोच आहे. जिंदगीभर सगळ्यांना प्रश्न विचारत आलो, पण एक प्रश्न तुला विचारायची छाती झाली नाही. त्या दिवशी करकर झाली तेव्हा तू ओरडला नाहीस. माझ्या तोंडाकडे पाहिलंस, मग जमलेल्या लोकांकडे पाहिलंस आणि म्हणालास, चोळ, सूर्या. तुलेबी समजलं होतं का रे?

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा, तुझाच
सूर्यभान