समीरनं ऐनवेळी सांगितलं

रविवार, सौंदड

गोंदियातला कार्यक्रम झाला एकदाचा. मी पियानोवर, नेहा व्हायोलिनवर, समीर चेलोवर. पडदा उघडायच्या आधी समीर म्हणाला, "मला बंगळूरला नोकरी लागली. आपला हा शेवटचा कार्यक्रम." तेव्हाच काऊन सांगितलं यानं?

रागाच्या भरात मी सुरुवातच भलत्या वेगानं केली. नेहानं डोळे वटारले. समीर मात्र निमूट माझ्या वेगानं वाजवत आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण माझं लक्षच नव्हतं. का आला तो माझ्यामागे? मला थांबवू शकला असता की.

दोघं आज आमच्याच घरी मुक्कामाला आहेत. जेवताना बाबा म्हणाले, "पुढच्या साली कार्यक्रम आपल्या सौंदडले ठेवा. मी सरपंचासंग बोलून राहिलो." आम्ही तिघंही ताटात बघत बसलो. शेवटी समीरनंच नोकरीचं सांगितलं.

"मंग या दोघी काय करतीन?" बाबांनी विचारलं. समीर ताट उचलून उठला.

हात धुताना तो मला म्हणाला, "सकाळी गाडीच्या आधी एकदा वाजवू या? तुझ्या कीबोर्डवर, हळू."

नाही म्हणणार होते. हो म्हणून बसले.