मोती बांधला का?

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दिवेलागण झाली की माझे कान अजून तुमच्या त्या एका प्रश्नाकडे लागतात. "मोती बांधला का?" मी राहते इंदिरानगरात, तिसऱ्या मजल्यावर. खाली गेट आहे, वॉचमन आहे, समोर मेडिकल आहे, आणि मी गॅसपाशी उभी राहून तुमचा आवाज ऐकते. माझ्या घरात कुत्रा नाही. लेक केव्हापासून मागे लागलीय आणि मी नाही म्हणते. जागा लहान आहे, केस गळतात, सांभाळणार कोण, असली कारणं तिच्या तोंडावर फेकते. खरं कारण तुम्ही आहात, हे त्या पोरीला कसं सांगू?

वणीच्या अलीकडचा आपला मळा. एका अंगाला द्राक्षबाग, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांचा ऊस, आणि मधे आपलं घर. न्हाणी बाहेर, उसाच्या बाजूला. मला आठवतो तो पहिला मोती काळा होता, त्याचा एक कान कायम पडलेला. मग तांबडा मोती. मग एक लंगडा. मोती गेला की तुम्ही बाजाराहून येताना पिशवीत दुसरं पिल्लू आणायचात आणि सगळ्यांत आधी माझ्या हातात द्यायचात. "घे, तुला आणलंय." मीही खुळी, दर वेळी हरखून जायचे. दुधात भाकरी कुस्करून भरवायचे, माझ्या जुन्या फ्रॉकवर निजवायचे. ते भुंकण्याएवढं झालं की तुम्ही त्याच्या गळ्यात तीच जुनी साखळी अडकवायचात. एकदा मी वेगळं नाव ठेवू म्हणून हट्ट धरला, तर म्हणालात, "कुत्र्याचं नाव मोतीच असतं." आई हसली होती. मीही हसले होते.

तुम्ही असे का झालात ते मला ठाऊक आहे. छाटणीला सुरगाण्याकडचं एक कुटुंब आलं होतं, बांधाच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहायचं. त्यांची मुलगी माझ्याच वयाची, आम्ही दोघी पाण्याच्या टाकीजवळ गारगोट्या खेळायचो. एका संध्याकाळी तिची आई दारातल्या चुलीपाशी भाकरी थापत होती. ती लाकूड घ्यायला वळली, आणि पोर तिथं नव्हती. बिबट्याच्या मागावर बापे माणसं उसात शिरली, त्यांच्यात तुम्ही होतात. परत आलात ते थेट टाकीवर, आणि किती तरी वेळ हातांवर पाणी ओतत राहिलात. ती बाई आपल्या ओट्यावर बसून एकच बोलत होती, "आमच्या दारात कुत्रा पन नव्हता वो, कुत्रा पन नव्हता." दुसऱ्या दिवशी तुम्ही दाराजवळचा मोतीचा खुंटा उपटलात आणि ऊस आणि न्हाणी यांच्या मधे ठोकलात. मला वाटलं, तिथून तो आधी भुंकेल आणि आपण सावध होऊ. लहान होते.

त्यानंतरचा मोती पांढरा, पाठीवर तपकिरी ठिपका. तो माझा सगळ्यांत लाडका. मी शाळेतून येताना दिसले की साखळीसकट दोन पायांवर उभा राहायचा. त्याच सुमाराला मळ्यावरून मेंढपाळ गेले, त्यांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळे ठोकलेले पट्टे होते. बिबट्या मानेलाच धरतो, पट्टा असला की त्याचं तोंड फाटतं, असं त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं. मी दप्तराचा जुना पट्टा कापला, तुमच्या डब्यातले खिळे घेतले, बोटं सोलवटून घेतली आणि तसा पट्टा केला. तुम्ही बागेतून आलात, वाकून पाहिलात, खिळ्यांच्या टोकांवरून अंगठा फिरवलात. "चांगला केलाय," म्हणालात. आणि काढून घेतलात.

"का?" मी विचारलं.

"याला काटं लावलं तर वाघ याला सोडून दाराकडं यील." आपल्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात.

"मग मोतीला काय मरायला बांधलाय?"

"तू आत जा."

चिडला असतात तर बरं झालं असतं. बागेच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद कर म्हणावं तसं म्हणालात. त्या दिवशी मी तुमचा मनापासून द्वेष केला, आप्पा.

बागेत तोडणी चालू होती तेव्हाची गोष्ट. अजून पुरतं अंधारलेलं नाही. मी पाय धुवायला न्हाणीकडे जातेय, हातात तांब्या आहे. मोती भुंकत नाहीय. तो जमिनीला चिकटलाय, शेपूट पोटाखाली. बांधावर बिबट्या बसलाय. तो माझ्याकडे बघतो. मग मोतीकडे बघतो. त्या बघण्यात राग नाही, काही नाही. आई बाजारात मेथीच्या जुड्या बघते आणि हाताजवळची उचलते, तसं. साखळी ताणली गेली, एकदा वाजली आणि सैल पडली. तुम्ही धावत आलात, माझं डोकं, मान, दंड, पाय सगळं चाचपून पाहिलंत. एकदा झालं तरी पुन्हा डोक्यापासून चाचपलंत. मग तुम्ही साखळी उचललीत, टाकीवर धुतलीत, खिळ्याला अडकवलीत आणि आईला म्हणालात, "जेवायला वाढ."

पुढच्या बाजारी तुम्ही पिल्लू आणलंत. मी हात पुढे केला नाही. तुम्ही ते माझ्या पायाशी ठेवलंत आणि निघून गेलात. तिथून पुढे मी तुमच्याशी कामापुरतं बोलले. लग्न होऊन इकडे आले, वर्षातून दोनदा येऊन साडी-फराळ घेऊन गेले, आणि तुम्ही गेलात तेव्हाही आपलं कामापुरतंच चाललं होतं. मी वाचले ते मोतीमुळे, आणि मोती गेला तो तुमच्यामुळे. या दोन गोष्टी मला कधी एकत्र गिळता आल्या नाहीत.

सध्या लेक सुट्टीला मळ्यावर गेलीय. आज संध्याकाळी धाकट्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "उसात परत वाघ दिसलाय ताई, पिंजरा लावलाय, तू नको घाबरू." मागून अंगणात लेकीचं खिदळणं ऐकू येत होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "मोती बांधला का रे?"

तो हसला. "मोती नाय आता. तुझ्या पोरीनं नाव बदललंय त्याचं. बिस्किट. दिवसभर त्यालाच घेऊन बसती. हां, बांधलाय ना, उसाच्या अंगाला."

सोड त्याला, आत घे, असं मला म्हणता आलं असतं. मी "बरं" म्हटलं, पोरीला घरात बोलव म्हटलं आणि फोन ठेवला. मग जीव भांड्यात पडला, आणि मी कुकर लावला.

हे तुम्हाला पोचणार नाही म्हणूनच लिहू शकले. सकाळी रद्दीत घालीन. पण आप्पा, मला त्याचं नाव कळायला नको होतं.