सासूबाईंनी मोरी घासली

मंगळवार, संध्याकाळ

परवा घट बसणार, म्हणून घरभर धुणं-घासणं चाललंय. ऑफिसातून आले तर सासूबाई मोरीबाहेर भिंतीला टेकून खोकत होत्या, डोळे लालबुंद. फरशीचे डाग निघेनात म्हणून ॲसिड ओतलं, वर ब्लीचिंग पावडर टाकली आणि दार लावून घासत बसल्या. म्हणे, "पितळेला राख नि चिंच दोन्ही लावतोय की, तसंच वाटलं."

आधी त्यांना अंगणात मोकळ्या हवेत आणलं, मग दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ही दोन्ही एकत्र आली की विषारी वायू होतो, थोडक्यात वाचल्या. रिक्षात मी ओरडलेच, "आत्या, कुणी सांगितलं होतं? मी उद्या घासणार होते की!" फक्त तो खोकला. का ओरडले मी? घाबरले होते, दुसरं काय.

घरी आल्यावर ॲसिड वरच्या फडताळात ठेवलं आणि पावडर लांब, परसात. पाणी द्यायला गेले तर त्यांनी माझा हात धरला, बोटं उलटसुलट करून बघितली. पुन्हा खोकला. मग म्हणाल्या, "गेल्या साली ॲसिडनं तुझी बोटं सोलली हुती न्हवं? उद्या तू घासली असतीस, म्हणून तर आज उरकलं."