शेजारच्या पेटीतला

प्रिय बडबडे,

अक्षराला हसू नकोस. सातवीत शाळा सोडली तेव्हापासून पेन हातात आलं ते हजेरीवर सही ठोकण्यापुरतंच. फोनच केला असता, पण फोन हातात घेतला की दातखीळ बसते. परवापासून असंच चाललंय. जेवायला बसतो, उठतो, पुन्हा बसतो. मुकादमाने बघितलं आणि म्हणाला, तुझं डोकं ठिकाणावर नाही, वर चढू नकोस, आमच्या टाळक्यात काच घालशील. म्हणून सध्या मी खाली. इतके दिवस काचा बसवत होतो, आता बसवलेल्या पुसतोय.

परवा दवाखान्यातून नर्सताईंचा फोन आला. म्हणाल्या, ती इथेच शेजारी बसलीये, तिला काही सांगायचंय, तुम्ही फक्त ऐका. मला वाटलं, पोराचं वजन वाढलं, काचेच्या पेटीतून काढून घरी सोडत असणार. एका हाताने फोन कानाला, दुसऱ्याने बाकीच्यांना गप्प बसा म्हणून खुणावतोय. आणि तू म्हणालीस, मी पाठवते ते फोटो आपल्या बाळाचे नाहीत. शेजारच्या पेटीतल्या बाळाचे आहेत.

अगं, कुणाकुणाला दाखवले होते मी ते फोटो! फोन उघडला की तोच गब्दुल समोर. रंगारी म्हणालाही होता, सातव्या महिन्यात झालेलं म्हणतोस आणि हे तर उठून सिगारेट मागेल. मी म्हटलं, जळतोस तू. नाक थेट माझ्या बापाचं आहे असं छातीठोक सांगत सुटलो होतो. झोपताना रोज त्याचा पापा घ्यायचो. त्याच्या बापाला कळलं तर धरून बडवेल मला.

हे हसण्यावारी नेतोय, पण हसू येत नाही. फोटोंचं एक वेळ जाऊ दे. खरं लागलं ते पुढचं. आपल्या पोराच्या पेटीजवळ तू अजून गेलीच नाहीस. दारातून आत येतेस, त्याच्या नळ्या दिसतात, पाय जड होतात आणि तू शेजारच्या पेटीकडे वळतेस. हात लावला की मोडेल असं वाटतं. माझ्यापेक्षा त्याला ती यंत्रंच बरी, म्हणालीस. तू! माझ्या भाचीला कडेवर मारून एका हाताने सगळं घर आवरणारी तू! आणि रोज संध्याकाळी मला सांगायचीस, आज जांभई दिली, आज माझं बोट धरलं. असं हसून सांगताना आतून तुझं काय होत असेल? आणि मी इकडे, बरं का, त्याला म्हणावं बाप येतोय, म्हणून मोकळा.

तुला बाहेर पाठवून नर्सताई माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, ही नाटकं नाहीत, कमजोरी नाही, आजार आहे. ज्यांची बाळं अशी पेटीत असतात त्यांतल्या बऱ्याच आयांना होतो, आणि बोलून बोलून उतरतो. मला पटेना. बोलून आजार कसा उतरेल? पण मग डोक्यात आलं, मंगळवारी आणि शुक्रवारी त्या कोपऱ्यातल्या खोलीत तू त्यांच्यापुढे बसतेस, म्हणून तर हे बाहेर आलं. मला सांगायचं हेही तुम्ही दोघींनी तिथेच ठरवलंत. माझी आई कुरकुर करत होती, परक्या बाईपुढे घरचं कशाला काढायचं? मी तिला विचारलं, घरच्यांपैकी कुणाला कळलं होतं गं? तुला कळलं? मला कळलं? आता तीच तुला मंगळवारी सोडायला येणार आहे. वाटेत तिने तोंड सुरू केलं तर मला सांग.

आता कशासाठी लिहायला बसलो ते. फोनवर शेवटी तू विचारलंस, रागावलास का? आणि मी काहीच बोललो नाही. तू थोडी थांबलीस आणि फोन नर्सताईंकडे दिलास. अगं, तो राग नव्हता गं. आवाजच फुटेना. ज्याला गप्प बसवायला तू उशी फेकून मारतेस, त्याचा. तेव्हाचं उत्तर आज देतो. नाही रागावलो. गब्दुलचा फोटो काढून टाकलाय. रंगारी म्हणाला, मग तुझा दाखव की. म्हटलं, आम्ही दोघांनीही अजून नीट बघितला नाही, दोघं मिळून बघू. मुकादमाने सुट्टी दिलीये, महिनाअखेर येतोय. तोवर फोटोची घाई नाही. फक्त एक कर, जमेल त्या दिवशी. दिवसभर मी काचेवरचे लोकांच्या हातांचे ठसे पुसत असतो. हात टेकवून काही मोडत नाही, एवढं तरी या धंद्यात शिकलोय. नर्सताईंना सोबत घे आणि आपल्या पेटीवर, बाहेरूनच, एकदा हात टेकव. नाही जमलं तर मागे फीर, पुन्हा जा. आणि उठला ठसा, तर तो पुसायच्या आत त्याचा फोटो मला पाठव. फोनवर लावायला.

तुझाच,
परवापासून मुका झालेला काचवाला