तळ्याकाठच्या भिंतीवर मी

१२ सप्टेंबर १९१०, सोमवार

मान अजून दुखतेय. ज्यांच्याकडे मी धुणं करते त्या थॉर्नली बाईंनी आज धुणं करूच दिलं नाही. पांढरा झगा घातला, डोक्यावर पानांचा गोल ठेवला आणि फोटो काढायला बागेत गवतावर आडवं केलं! "डोळे मीट. हलू नकोस. श्वाससुद्धा हळू घे गं." मुंगी चावली तरी हलले नाही. हलायचं नाही, बोलायचं नाही — हे मला चांगलं जमतं.

१४ सप्टेंबर

बाई म्हणाल्या, फोटो नीट आला तर तळ्याकाठच्या मोठ्या चित्रसंग्रहालयात लागेल. तिथे आजवर फोटोला आत घेतलेलंच नाही. नुसती रंगवलेली चित्रं आणि संगमरवरी माणसं. चित्रकार म्हणतात, बटण दाबलं की झालं, ही कसली कला? बाई आणि त्यांची मित्रमंडळी वर्षानुवर्षं भांडतायत. आता नोव्हेंबरात अख्ख्या इमारतीत फोटोच फोटो!

मला त्यातलं काय कळणार. मी एकच शब्द ऐकला — तळ्याकाठी. घर सोडून गेलेल्या ताईला दूधवाल्याच्या बायकोने तिथेच पाहिलं होतं, कुणाच्या तरी बाळाची गाडी ढकलताना. ताई ती इमारत रोज बघत असेल. एखाद्या दिवशी आत गेली तर? मी दिसेन. मग घरी येईल.

१८ सप्टेंबर, रविवार

जेवताना बाबांना सांगणार होते. "बाबा, मी ना —"

"मीठ."

मीठ दिलं. संपलं बोलणं.

ताई गेल्यापासून असंच आहे. बाबांनी तिचं लग्न तीन पोरांच्या एका विधुराशी ठरवलं आणि ती सकाळी पाणी आणायला म्हणून गेली ती गेलीच. "सालोमेआ नावाचं या घरात कुणी नाही," म्हणाले. आई तर आधीच गेलेली. मग स्वयंपाक माझ्याकडे आला आणि शाळा सुटली. शाळेचं एवढं वाईट नाही वाटत. संध्याकाळचं वाटतं.

३ ऑक्टोबर

खालच्या मजल्यावरच्या टेकला मावशीला फोटोचं सांगितलं. तिने छातीवर क्रूस काढला!

"पांढरे कपडे, डोक्यावर पानं, डोळे मिटलेले? अगं, हा तर मेलेल्या पोरीचा फोटो झाला! लग्नाआधी गेली की आपण अशीच सजवतो आणि फोटो काढून समुद्रापलीकडे, गावाकडे पाठवतो. त्या बाईला दुसरं काही सुचलं नाही?"

"मावशी, ती कला आहे."

"हो का! मग बापाला नको दाखवू ही कला. तुझी शवपेटी करायला घेईल."

दोघी खूप हसलो. वर आले, बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते.

११ ऑक्टोबर

फोटो बघितला. बाई मोरीपाशी ब्रश घेऊन उभ्या, आणि फोटोवरचा ओला रंग, माझा चेहराच, पाण्याने पुसतायत! नाक विरघळलं. हनुवटी धुक्यात गेल्यासारखी. "बाई, यात मी कुठेय?" — मी होऊन त्यांना काही विचारलं असं पहिल्यांदाच.

"तू ओळखू आलीस की तो नुसता फोटो, ब्रोंका. नाही आलीस की चित्र. असं असेल तरच ते लोक आत घेतील."

बाई खूश होत्या. मी धुण्याची टोपली घेऊन खाली गेले. आता ताईला कसं कळणार?

२९ ऑक्टोबर

घेतला! बाई चक्क रडल्या. मला केकचा मोठा तुकडा दिला. जिन्यात बसून एकटीने खाल्ला.

६ नोव्हेंबर, रविवार

रविवारी फुकट सोडतात. चालत गेले. किती गर्दी! तिसऱ्या खोलीत मी. खाली लिहिलंय 'निद्रा', आणि बाईंचं नाव. माझं कशाला असेल.

दोन साहेब आले, टोप्या हातात.

"हे कॅमेऱ्याने काढलंय? छे, कोळशाने काढलंय."

"मग लावायला हरकत नाही!"

हसले. मी शेजारीच उभी. एकानेही मान वळवली नाही.

बंद होईपर्यंत थांबले. दारातून येणारी प्रत्येक टोपी बघितली. पहारेकरी म्हणाला, "पोरी, तुला घरदार नाही का?" मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कुणास ठाऊक.

१३ नोव्हेंबर, रविवार

परत गेले. नाही आली.

१६ नोव्हेंबर

बटाट्याची धिरडी करपली. बाबांनी तशीच खाल्ली. करपली असंसुद्धा म्हणाले नाहीत.

२० नोव्हेंबर, रविवार

या महिन्यात आमच्या चर्चमध्ये मेलेल्यांची नावं वाचतात. घरच्यांनी द्यायची, सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. आईचं नाव मी दिलं होतं, ते वाचून झालं. नवे फादर, कुणाला ओळखत नाहीत, भरभर वाचत होते. आणि पुन्हा — "विक्तोरिया कुलिक." आईच! तिच्यामागोमाग — "ब्रोनिस्वावा कुलिक."

मी!

मावशीने माझा दंड घट्ट धरला. बाकंच्या बाकं वळून माझ्याकडे बघायला लागली. बाबा उभे राहिले, चेहरा पांढराफटक. तेवढ्यात मागून, दारापासून हुंदका ऐकू आला. काळ्या शालीतली एक बाई, गुडघ्यांवर. मान वर करेचना. पांढरा झगा, पानं, मिटलेले डोळे — तिने फोटो बघितला होता!

मी बाकावर चढले आणि भर चर्चमध्ये, होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले — "ताई!"