दह्यातली गोळी

६ जानेवारी २०२५, सोमवार
सुनेचं, नंदाचं, हिमोग्लोबिन ८.४ आलं. सहावा महिना. डॉक्टर म्हणाले, सातच्या खाली गेलं तर बाळंतपण इथे नको, पुण्याला न्या. लोहाच्या गोळ्या दिल्यात. नंदा रडली. मी रडले नाही. वाचनालयात गेले.

७ जानेवारी, दुपारी
सापडलं. मासिकात तीन पानी लेख: प्रीबायोटिक. लसूण, कांदा यांत असं काही असतं जे आपल्याला पचत नाही, पण आतड्यातल्या चांगल्या जंतूंना पोसतं. ते दह्यातून खाल्लं की शरीर कॅल्शियम जास्त शोषतं. आता कॅल्शियम काय आणि लोह काय, दोन्ही खनिजंच. चौथी शिकलेल्या बाईला एका वाचनात कळलं.
ठरलं. रोज सकाळी नऊला वाटीभर दही, चार पाकळ्या कच्चा लसूण आणि गोळी त्यातच कुस्करून. नुसती गोळी तिला गिळवत नाही, तोही प्रश्न मिटला.

९ जानेवारी
नंदा म्हणाली, "आई, लई उग्र लागतंय वो. नुसती गोळी द्या ना, कशीबशी गिळते." म्हटलं, हे तुझ्यासाठी नाही, आतल्यासाठी आहे. नाक धरून संपवलं. गुणी पोर. वाटी रिकामी होईपर्यंत मी समोरून उठत नाही.

१५ जानेवारी
गावची आशा सेविका झुंबरबाई आली होती. "तानूआक्का, गोळी दुधादह्याबरुबर नाय द्यायची. लिंबूपाण्यासंगं द्या." विचारलं, कुठे वाचलंस? म्हणे ट्रेनिंगमधी सांगितलं. म्हणजे वाचलेलं नाही. मी मान डोलावली. चहा दिला.

१९ जानेवारी
नंदाच्या चेहऱ्यावर तेज आलंय. माझा गोरक्ष म्हणतो, तेज नाय, सूज हाये.
बचत गटात या दह्यावर बोलायचं ठरवलंय. मुद्दे काढले. नऊ झाले.

२३ जानेवारी
ह्यांना जाऊन आज चार वर्षं. शेवटी डॉक्टर रिपोर्टवर बोट ठेवून समजावत होते. मी बोटाकडे बघत होते. त्यानंतर वाचायला लागले. आता या घरात माझ्या अडाणीपणामुळे काही होणार नाही.
संध्याकाळी नंदा मोरीत चक्कर येऊन खाली बसली. उद्यापासून दही दोन वाट्या.

४ फेब्रुवारी, मंगळवार
७.१. लॅबवाल्याचं मशीन जुनं दिसलं.
डॉक्टरांनी विचारलं, गोळी कशाबरोबर घेते? मीच सगळं सांगितलं, लेखासकट. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मावशी, लेख कॅल्शियमचा होता. दह्यातलं कॅल्शियमच लोहाची वाट अडवतं. महिनाभर तुम्ही हिला गोळ्या दिल्याच नाहीत असं धरा." लोह सलाईनमधून चढवणार आहेत.
लेखात हे कुठेच नव्हतं. लिहिणाऱ्याची चूक.

८ फेब्रुवारी
गोरक्ष नंदाला मढला, माहेरी, सोडून आला. ओटी भरायला थांबले नाहीत. जेवताना म्हणाला, "आई, तू वाचत नव्हतीस तवा बरं व्हतं." भाकरी गरम होती. तीन खाल्ल्या त्याने.
बचत गटाचं पुढे ढकललं.

८ मार्च, सकाळी १०
नंदाचं १०.२! दही उशिरा का होईना, लागू पडलं.

त्याच दिवशी, दुपारी
विहीणबाईंचा, बायडाबाईंचा, फोन. नंदा माहेरी गेल्यापासून दह्याला शिवलेली नाही. सलाईन झाली, आता गोळी, लिंबूपाणी. तरी सकाळी नऊ वाजले की तिला उमळून येतं. विचारत होत्या, "तुमी त्या टायमाला काय देत व्हता, तानूबाई?"
सांगितलं.
मग सकाळचं वाक्य खोडायला पेन घेतलं. राहू दिलं.
बोलता बोलता त्यांना विचारलं, बाळंतपणाला मी कधी येऊ? म्हणाल्या, "थांबा, नंदीला इचारते." विचारावं लागलंच नाही. ती शेजारीच असावी. "नको म्हनून सांग!" असं मला फोनमधून स्वच्छ ऐकू आलं.
इथे असताना ती इतकं हळू बोलायची की दोनदा विचारावं लागायचं. आता आवाजात चांगला जोर आहे. लोह अंगी लागलंय.