छातीतली बॅटरी आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, व्यवसाय शिवणकाम, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे का, अशी शंका कोणाला आलीच, तर डॉक्टरांना विचारावं. उदासीवर कुठलंच औषध लागू पडेना, तेव्हा त्यांनीच माझ्या मेंदूत दोन तारा बसवल्या. त्यांना वीज पुरवणारी छातीतली बॅटरी उद्या बदलायची आहे, म्हणून आजच लिहिते.

१. दुकान, शिलाई मशीन आणि मोठी कात्री मुलीला. त्या कात्रीने कागद कापू नये. राहतं घर मुलगा-मुलगी दोघांना निम्मं निम्मं.

२. माझी खाट जाऊबाईंना. मी तिच्यावर भिंतीकडे तोंड करून वर्षानुवर्षं पडून होते, तेव्हा त्या दारातूनच म्हणाल्या होत्या, "सगळी थेरं आहेत, कामाला लागली की जातील." त्यांनी एकदा आडवं होऊन पाहावं.

३. तारांनी मला उठवलं, हे मी नाकारत नाही. सुईत दोरा ओवता आला, नवऱ्याशी पुन्हा भांडता आलं. बॅटरीचा उंचवटा कपड्याला घासू नये म्हणून नवरा आतून मऊ अस्तर लावायला शिकला. टाके वाकडेच घालायचा. गेल्या वर्षी तो गेला. मी रडत होते, जेवत नव्हते. मुलगा घाबरला. "आई, परत तसं नको गं," म्हणाला आणि मला दवाखान्यात नेऊन वीज वाढवून आणली. मीही हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी गणवेश शिवायला बसले. तेव्हापासून नवऱ्याचे कपडे हातात घेते आणि काहीच होत नाही. त्याची फार आठवण येते, असं इथे लिहायचं होतं. पण ते खोटं ठरेल, आणि त्याचीच मला भीती वाटते.

४. हे मृत्युपत्रात बसत नाही, असं वकील म्हणतात. मी बसवते. नवी बॅटरी घातल्यावर वीज नवरा जाण्यापूर्वी होती तितकीच ठेवावी. मी पुन्हा अंथरूण धरीन, हा धोका डॉक्टरांनी समजावला आहे. उद्या मला बोलता आलं नाही, तर निर्णय मुलीने घ्यावा, मुलाने नाही. त्याला माझं दुःख बघवत नाही. मी रडले तर जवळ बसावं. रडणंही थांबलं आणि हाकेला ओ देईनाशी झाले, तर मात्र डॉक्टरांना बोलवावं.

५. दहनापूर्वी बॅटरी काढून घ्यावी. आगीत ती फुटते.

६. मुलासाठी: मी गेल्यावर सावर म्हणणारे येतील. त्यांचं ऐकू नकोस. तुझ्या डोक्यात तारा नाहीत, तुझं रडणं कोणाला कमी करता येणार नाही. पोटभर रड. थोडं बाबांसाठीही रड. माझ्याकडून ते राहून गेलं आहे.

सही: (शिवणकाम करणारी)
साक्षीदार: १. शेजारची इस्त्रीवाली २. वकिलांचा कारकून
ठिकाण: दुकानातलं कापड बेतायचं टेबल
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस